एक सात शून्य

चष्म्याची डबी सापडत नव्हती आणि माझ्या तोंडून नुसतं ‘हं’ निघालं. कुणाला उद्देशून नाही. पर्समध्ये कोपरापर्यंत हात घालून बसलेली बाई जसं काहीबाही पुटपुटते तसं. शेजारी चाकांच्या खुर्चीत माझी ताई होती. तिने नुकतंच ‘एक सात शून्य’ म्हटलं होतं, जे ती आजारी पडल्यापासून दिवसभर म्हणत होती. माझं ‘हं’ ऐकल्यावर ती म्हणाली, ‘एक चार एक.’ मी पर्समधला हात तसाच ठेवून बसून राहिले. दवाखान्याच्या त्या बोळात माणसं येत-जात होती, कुणीतरी फरशी पुसत होतं, औषधी फिनेलचा वास नाकात बसला होता, आणि मला एकदम वाटलं की आपण हललो तर काहीतरी सांडेल. ताईने माझ्याकडे पाहिलंही नव्हतं. डावा हात मांडीवर, उजवा कुणीतरी ठेवून दिल्यासारखा खुर्चीच्या हातावर, ओठ एका बाजूला उतरलेले. ती थांबली होती. मी गेले दोन दिवस समजत होते की ती अडकलीय. ती अडकलेली नव्हती, ती थांबलेली होती, आणि या दोन गोष्टींतला फरक साऱ्या जगात जर कुणाला कळायला हवा होता तर तो मला.

कारण आम्ही दोघींनी आख्खं आयुष्य तेच तर केलं. छापखान्यात ताई वाचणारी आणि मी बघणारी. गणिताची, खगोलाची, इंजिनिअरांची पुस्तकं यायची, पानंच्या पानं नुसत्या आकड्यांची. ताईच्या हातात मूळ प्रत, माझ्या हातात छापून आलेला कच्चा कागद आणि पेन्सिल. ती तीन आकडे वाचायची आणि थांबायची. मी ते माझ्या कागदावर बघून ‘हं’ म्हणायचे. मग पुढचे तीन. ‘हं’ आला नाही तर वाचणाऱ्याने पुढे जायचं नाही, तोच गट पुन्हा वाचायचा, हा नियम. आणि ताई नियमाला खांबासारखी. एकदा मला शिंक येईना आणि जाईना, मी तोंड वासून छताकडे बघत बसले, तर ही बया तोच गट न चिडता, न हसता पुन्हा पुन्हा वाचत राहिली. शेवटी मी शिंकले आणि म्हटलं ‘हं’, की लगेच पुढचे तीन. अशी बाई. आणि त्या बाईने इतके दिवस ‘एक सात शून्य’ म्हणत कुणीतरी ‘हं’ म्हणेल म्हणून वाट पाहिली असेल, तर तिच्यासमोर आम्ही काय केलं? भाचीने आधी तो फोन नंबर समजून शोधला. मग त्या नंबरची बस कुठे जाते ते विचारून आली. माझ्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून मी उशिरा, परवा पोचले, आणि पोचल्यापासून ताईने आकडे म्हटले की मी आपली सुरूच, काय गं ताई, काय हवंय, पाणी देऊ, कूस बदलू? मला माझाच राग आला. इतका, की डोळ्यात पाणी आलं, जे ऑपरेशननंतर येऊ द्यायचं नाही असं बजावून सांगितलं होतं.

भाची, म्हणजे ताईची मुलगी, पाण्याची बाटली भरायला गेली होती. तिला दोष देणार नाही मी. औषधांच्या दुकानात दिवसभर उभं राहायचं, घरी येऊन आईला भरवायचं, पुसायचं, उलटं-सुलटं करायचं. पोरीच्या नाकी नऊ आलेत. तिने ठरवून टाकलं होतं. आज या दवाखान्यातली स्पीच थेरपिस्ट ताईला बघणार. तिच्याकडे जागा थोड्या, ज्यांना बोलता येत नाही पण कळतं, अशांनाच ती घेते. तिने घेतलं तर ताई घरीच राहील, रोज इथे येईल, शिकेल. नाही घेतलं तर सोमवारपासून शहराबाहेरच्या त्या ठिकाणी, जिथे माणसाला वेळेवर भरवतात, वेळेवर कूस बदलतात आणि बाकी काही नाही. काल रात्रीच्या जेवणाला भाची हे सगळं मला समजावून सांगत होती. ‘मावशी, आई आता उरली नाहीये गं. आपण उगाच चेहरा बघतो आणि समजतो ती आहे.’ हे ती ताईच्या तोंडात चमचा देता देता म्हणाली. मलाही तसंच वाटायला लागलं होतं, उगाच खोटं का बोला.

आणि आता हे ‘एक चार एक’. मी पुढचा ‘हं’ म्हणत नव्हते. मला भीती वाटत होती. कारण एक सात शून्य आणि एक चार एक म्हणजे काय ते माझ्या ध्यानात आलं होतं, आणि ते पुढे निघालं तर कुठपर्यंत जाईल तेही. आमच्याकडे एक गणितवाले सर पुस्तक छापायला यायचे. उंच, बारीक, शर्टाची बटणं वरखाली लावलेली, आणि बोलायला लागले की समोर कोण आहे याचं भान नाही. फरशी पुसणाऱ्यालाही तितक्याच जिव्हाळ्याने सांगायचे. त्यांच्या पुस्तकात एका पानावर एकच संख्या होती. एकोणचाळीस आकडे. मी म्हटलं, सर, ही एकटीच का? तर ते आमच्या टेबलाच्या कडेवर बसले. म्हणाले, एक घ्या. त्याची दोनदा दुप्पट करा, त्यातून एक काढा. तीन. मग पुन्हा एकापासून, तीनदा दुप्पट करून एक काढा. सात. मग सातदा. एकशे सत्तावीस. मग एकशे सत्तावीस वेळा दुप्पट करा, एक काढा, ही तुमची संख्या. तीन, सात, एकशे सत्तावीस आणि ही. यातल्या एकीलाही कशानेच भाग जात नाही. एक आणि ती स्वतः, बस. ताई म्हणाली, हे भागून बघितलं कुणी? सर खूश झाले. म्हणाले, तेच तर. एकेका संख्येने भागून बघायचं म्हटलं तर सूर्य विझेल तरी संपायचं नाही. पण यंत्रं नव्हती तेव्हा एका माणसाने कागदावर हाताने दाखवून दिलं. तिच्या आत शिरून नाही. एक साखळी आहे वर्गांची, वर्ग करायचा, दोन वजा करायचे, या संख्येने भागून बाकी ठेवायची, पुन्हा वर्ग; एवढं करत गेलं आणि अगदी शेवटी शून्य उरलं तर ती अभंग. शून्य उरतं. पुढे पाऊणशे वर्षं माणसाला हिच्याहून मोठी अशी संख्या सापडली नव्हती.

ताईने मग जे विचारलं ते मी विसरलेले नाही. म्हणाली, मग आता या संख्येइतक्या वेळा दुप्पट करून एक काढला तर? सर गप्प झाले. ते गप्प झालेले मी त्याआधी कधी पाहिले नव्हते. म्हणाले, ती लिहिता येत नाही. ती लिहायला किती आकडे लागतील तेवढं नुसतं सांगायचं तर त्यालाच अडतीस आकडी संख्या लागते. जगातला सगळा कागद आणला तरी पहिली ओळसुद्धा व्हायची नाही. तिला भाग जातो की नाही ते कुणालाच ठाऊक नाही. ताई म्हणाली, पण ते ठरलेलं असेल ना? म्हणजे या क्षणी? सर म्हणाले, ठरलेलं आहे. आपण जन्मलो नव्हतो तेव्हाही ठरलेलं होतं. फक्त आपण बाहेर आहोत. त्या दिवशी ताईने डबा उघडलाच नाही. मी खाल्ला दोघींचा, मला भूक लागते. संध्याकाळी घरी जाताना ती मधेच रस्त्यात थांबून म्हणाली, ‘अगं, ती आहे ना गं आत्ता, कुठेतरी?’ मी म्हटलं, कोण? तर म्हणाली, ‘जाऊ दे.’ तेव्हा मी तिची भरपूर चेष्टा केली होती. आता बोळात बसून मला तिचं ते थांबणं दिसत होतं. आत काहीतरी असतं किंवा नसतं. ठरलेलं असतं. आपण बाहेर असतो.

मी ‘हं’ म्हटलं. ‘एक आठ तीन.’ हं. ‘चार सहा शून्य.’ एक्स-रेचं मोठं पाकीट होतं हाताशी, त्याच्या पाठीवर मी लिहीत सुटले. चार सहा नऊ. दोन तीन एक. सात तीन एक. तिचा आवाज घोगरा होता, जीभ जड, पण गटागटातलं ते थांबणं, तो ठेका, तोच. मला माझ्या त्या जुन्या टेबलावरचा शाईचा वास आला म्हटलं तर कुणी हसेल, पण आला. सहा आठ सात. तीन शून्य तीन. सात पाच एक. आठ आठ चार. एक शून्य पाच. सात दोन सात. तेरा गट झाले आणि ती थांबली, आणि शेवटच्या ‘हं’वर तिने मान किंचित खाली घातली. पान संपलं की ती नेहमी तशी घालायची. भाची बाटली घेऊन परत आली तर मी पाकीट छातीशी धरून बसलेली. ‘काय झालं मावशी?’ मी म्हटलं, ‘तुझी आई आहे गं.’ तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की आता मलाही कुठेतरी भरती करावं लागणार की काय. तेवढ्यात आत बोलावलं.

थेरपिस्ट बाई तरुण होती, केस मागे घट्ट बांधलेले, हाताची घडी घालून ऐकण्याची सवय. मला आवडली ती, घाई नव्हती तिला. तिने टेबलावर कंगवा, चमचा आणि किल्ली ठेवली. ‘आजी, कंगवा दाखवा.’ ताईचा डावा हात उचलला, हवेत डगमगला आणि चमच्यावर जाऊन पडला. ‘आजी, डोळे मिटा.’ ताईने तोंड उघडलं. ‘आजी, तुमचं नाव?’ ‘एक सात शून्य.’ भाचीने खिडकीकडे मान वळवली. मग मला राहवेना, मी सगळं सांगितलं, छापखाना, ‘हं’, एकोणचाळीस आकडे. पाकीट तिच्यासमोर ठेवलं. प्रत्येक मोठ्या संख्येखाली आम्ही आकड्यांची बेरीज लिहून ठेवत असू, एखादा आकडा गळला तर कळावा म्हणून, आणि हिची बेरीज मला पाठ होती, एकशे चौपन्न. मी तिथेच बोटांवर मोजत बेरीज केली. एकशे चौपन्न. ‘बघा,’ मी म्हटलं, ‘एक आकडा गळला नाही.’

बाईने सगळं नीट ऐकून घेतलं. मग म्हणाली, ‘मावशी, तुमच्यावर माझा विश्वास आहे. पण पाठ असलेलं वेगळ्या ठिकाणी असतं. पाढे, वार, आकडे. सगळे शब्द गेले तरी ते मागे राहतात, गाण्यासारखे. चावी दिली की वाजतात. तुमचं “हं” ही चावी. त्यावरून आजींना कळतंय असं मी म्हणू शकत नाही.’

‘मग कशावरून म्हणाल?’

ती म्हणाली, ‘मी साध्या भाषेत काहीतरी सांगितलं, आणि त्यामुळे त्यांनी ते गाणं बदललं, तर. गाणं स्वतःहून आपली चूक काढत नाही.’

बाईचं म्हणणं बरोबर होतं आणि तेच मला सोसत नव्हतं. भाची ताईच्या गळ्याभोवतीचा रुमाल सारखा करत होती, म्हणजे निघायची तयारी. मी पाकीट पुढ्यात ओढलं. काही सुचत नव्हतं, म्हणून हात आपला सवयीने चालू झाला. सरांनी आम्हाला एक खेळ शिकवला होता. तीन-तीनचे गट घ्यायचे, एक सोडून एक वेगळे करायचे, या रांगेची बेरीज, त्या रांगेची बेरीज, एकातून दुसरी वजा. जे उरेल त्याला सातने, अकराने किंवा तेराने भाग गेला तर आख्ख्या संख्येला जातो. आणि या संख्येचं नवल असं की उरतात अकराशे अठ्ठावीस, त्यातून एक हजार एक, म्हणजे सात गुणिले अकरा गुणिले तेरा, काढले की एकशे सत्तावीस. जितक्या वेळा दुप्पट केली तोच आकडा. एवढ्या राक्षसाच्या पोटात त्याची जन्मवेळ लिहून ठेवल्यासारखी. सरांनी हे पहिल्यांदा करून दाखवलं तेव्हा ताई कितीतरी वेळ कागदावरचं बोट उचलत नव्हती. मला तो एकशे सत्तावीस पुन्हा एकदा बघायचा होता, बस, दुसरं काही नाही. एक रांग, तीन हजार चारशे सदुसष्ट. दुसरी रांग, दोन हजार तीनशे पंचाहत्तर. वजा केले. एक हजार ब्याण्णव. हजार एक काढले. एक्क्याण्णव.

मी पुन्हा केलं. एक्क्याण्णव. तेर साते एक्क्याण्णव. सातानेही भाग जातोय आणि तेरानेही. जिला कशानेच भाग जात नाही, ती माझ्यासमोर पाकिटावर भाकरीसारखी तुकडे होऊन पडली होती. आणि बेरीज तर जुळलेली. म्हणजे एकच शक्यता, कुठेतरी दोन आकड्यांनी एकमेकांची जागा घेतली होती. बेरजेला ते दिसत नाही, आमच्या धंद्यात सगळ्यात जास्त भीती त्याचीच. पण कुठे? तेरा गटांत कुठेही. मला ती संख्या पाठ नव्हती, पाठ असायची ती वाचणाऱ्याला. आणि मग मला राग आला. बाईचा नाही, भाचीचा नाही, आजाराचाही नाही. ताईचा. जसा टेबलावर यायचा तसा, कामातला, स्वच्छ राग. मी पेन्सिल आपटली आणि तिला म्हटलं, ‘ताई, चुकलंय. सातने भाग जातोय.’

ताईने माझ्याकडे पाहिलं. आजारी पडल्यानंतर पहिल्यांदा पाहिलं, किंवा मी पहिल्यांदा तिला बघू दिलं. मग तिने डोळे मिटले. ओठ हलायला लागले, आवाज नाही. मी ‘हं’ म्हणत नव्हते. ती आत चालत होती, गटागटाने, एकटी, माझ्या ‘हं’शिवाय, आणि आत किती लांब जायचं होतं ते मला दिसत होतं, तो अवाढव्य आकडा तिच्यात उभा होता, सगळा, आणि ती त्याच्या बाजूने हात लावत लावत चालली होती. तिचं शरीर त्या खुर्चीत किती थोडं होतं आणि ती केवढी होती. मी तिच्याबरोबर इतकी वर्षं बसले आणि मला कधी हे वाटलं नव्हतं, की माणसासमोर बसायलाही धीर लागावा. कपाळावर आठी आली. आठी थांबली. तिने डोळे उघडले आणि नीट, सावकाश, मला म्हणजे अडाण्याला समजावं असं म्हणाली, ‘सात एक पाच.’

मी पाकिटावर शोधलं. सात पाच एक, असं लिहिलं होतं. खोडलं. सात एक पाच. दुसरी रांग छत्तीसने उतरली. अकराशे अठ्ठावीस. एकशे सत्तावीस. मी त्याखाली दोन रेघा ओढल्या.

थेरपिस्ट बाई पुढे वाकली होती. ‘मावशी, चूक कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक होतं?’

‘नाही हो. चूक आहे एवढंच.’

‘तुम्ही बघितलं का तिथे? बोट ठेवलं? अगदी नकळत?’

‘मला ठाऊक असतं तर मीच नसतं का खोडलं?’

ती हसली नाही. तिने कंगवा, चमचा आणि किल्ली बाजूला सारली आणि खुर्ची ओढून ताईच्या अगदी समोर बसली. आत्तापर्यंत ती जरा वरून, जरा मोठ्या आवाजात बोलत होती, आता ती माझ्याशी बोलत होती तशी तिच्याशी बोलली. ‘बाई, मान आणि हात तुमचं ऐकत नाहीयेत. आकडे ऐकतायत. आपण असं करू, हो असेल तर एक म्हणा. नाही असेल तर शून्य. जमेल?’

ताई गप्प. मला वाटलं, गेलं. मग: ‘एक.’

‘या तुमच्या मुलगी आहेत?’ माझ्याकडे हात करून.

‘शून्य.’

‘बहीण?’

‘एक.’

‘हा दवाखाना आहे?’

‘एक.’

‘आपण तुमच्या घरी आहोत?’

‘शून्य,’ ताई म्हणाली, जरा तिरसटपणे, आणि मला हसू फुटलं, कारण तो तिरसटपणा मी ओळखत होते, मूर्ख प्रश्न विचारणाऱ्या लेखकांसाठी तो राखून ठेवलेला असायचा. बाईने मान हलवली आणि कागदावर काहीतरी लिहिलं. म्हणाली, ‘सोमवारपासून यायचं. सकाळी.’ इतकंच. मी तिचे हात धरले, ते तिला आवडलं नसावं, पण तिने सोडवून घेतले नाहीत.

भाची अजून खिडकीपाशीच होती. तिचा चेहरा उतरला होता, आनंद व्हायला हवा तिथे भलतंच काहीतरी झालेलं. तिने बाटली खिडकीत ठेवली, येऊन आईच्या पायाशी जमिनीवरच बसली, कामाच्या कपड्यांनी.

‘आई,’ ती म्हणाली, ‘मी जे जे बोलत होते. जेवताना. फोनवर. ते सगळं कळत होतं तुला?’

‘एक.’

‘काल रात्रीचंसुद्धा?’

‘एक.’

भाचीने हाताचा तळवा तोंडावर दाबला. मला वाटलं आता काहीतरी बोलावं, मावशी म्हणून, जाऊ दे गं, तिला काय, असलं काहीतरी. पण ते माझं काम नव्हतं. त्या दोघींमध्ये मला जागाच नव्हती. थेरपिस्ट बाईही कागदात बघत राहिली.

‘रागावलीस माझ्यावर?’

ताईने वाट पाहिली नाही. ‘एक,’ ती म्हणाली, चटकन आणि स्पष्ट, जड जिभेने जेवढं स्पष्ट म्हणता येईल तेवढं.

भाचीने तिच्या गुडघ्यांवर डोकं टेकलं आणि मोठ्याने रडायला लागली. ‘रागाव,’ ती म्हणत होती, ‘रागाव गं आई, खूप रागाव.’ ताईचा डावा हात उचलला, हवेत डगमगला, भलतीकडे गेला, परत आला, आणि दुसऱ्या खेपेला मुलीच्या केसांवर पोचला.